बोटीला ब्रेक नसतो

४ मार्च

प्रिय विहीणबाई,

सप्रेम नमस्कार.

फार दिवसांनी लिहिते आहे, तेव्हा आधी खुशाली. मी मजेत आहे. हात अजून थरथरत नाहीत, त्यामुळे कवळ्या बनवण्याचं काम जोरात चालू आहे. परवा एका निवृत्त मास्तरांनी कवळी परत आणली. म्हणाले, "बाई, दात उत्तम झालेत, पण आरशात हसलो की भलताच कोणीतरी हसतोय असं वाटतं." जुना फोटो मागवून बघितला, तर पुढचा एक दात किंचित तिरका होता. नव्या कवळीतही तो तिरका करून दिला, तशी स्वारी खूश होऊन गेली.

फोनही करता आला असता. पण तुम्ही फोन उचलून "बोला" म्हणता आणि मी काय बोलणार होते तेच विसरते. म्हणून पत्र.

आता कामाचं. आपल्या दोघींच्या साठीला मुलांनी शिडाच्या बोटीवरची आठवड्याची सहल भेट दिली होती, लक्षात आहे ना? चौघांनी मिळून जायचं ठरलं होतं. मग ती दोघं वेगळी झाली, घटस्फोटाच्या सह्या झाल्या, आणि त्या सगळ्यात बोट रद्द करायचं कोणालाच सुचलं नाही. नोंदणी माझ्या नावावर आहे. गेल्या आठवड्यात बोटवाल्यांकडून विचारणा आली, कोण कोण येणार, काय खाणार, कुठली बेटं बघणार? मी "कोणी नाही" असं कळवायला बसले होते. हात अडला. म्हटलं, का बरं कोणी नाही? साठी तर आपली झाली, मुलांची नाही!

मग त्यांना फोनच लावला. बोटीची कप्तान एक बाई आहे. आवाज असा, की खळखळून हसता हसता फोन उचललाय. तिनं विचारलं, "पळापळ हवी की आराम?"

म्हटलं, "लोळायचंय."

"मग आपलं जमेल," म्हणाली.

तिचा बेत ऐका. सकाळी उठून ज्याला पोहायचंय त्यानं पोहायचं, बाकीच्यांनी पाय पाण्यात सोडून चहा प्यायचा. मग दोन-तीन तास शिडावर. त्याहून जास्त नाही. दुपारी एखाद्या आडोशाच्या ठिकाणी नांगर टाकून जेवण आणि झोप. संध्याकाळी छोट्या होडीतून किनाऱ्यावर फेरफटका. पहिल्या बेटावर बाजार आहे, तिथे फळं, भाजी, अंडी भरून घ्यायची. दुसऱ्यावर दीपगृह. तिसऱ्यावर माणसं थोडी आणि बकऱ्या फार. वाळत घातलेले टॉवेल त्या खातात, एवढाच काय तो धोका. पुढचं बेट वाऱ्याच्या मर्जीवर. आणि एक दिवस तिनं मुद्दाम कोरा ठेवायला सांगितलाय. म्हणे, वारा पडला की कुठेच जायचं नाही, आणि घरी गेल्यावर लोक त्याच दिवसाबद्दल सगळ्यात जास्त बोलतात.

झोपायच्या खोल्या दोन. मागची रुंद आहे पण छत डोक्याला लागतं, तेव्हा तुमच्यासारख्या उंच बाईनं पुढची घ्यावी. बॅगा मऊ हव्यात, घडी करून कोपऱ्यात कोंबता येतील अशा. तुमची ती निळी कडक सूटकेस चालणार नाही. तशीही तिची मूठ तुटलीच आहे. आत उतरायला शिडी आहे, पण पायऱ्या मोजक्याच. डाव्या गुडघ्याला पट्टा बांधलेला असला की तुम्हाला सहज जमेल. शीड कप्तानबाई सांभाळतील, शिडी आपण सांभाळू.

मुलांबद्दल काही लिहीत नाही. आपलं आपण बोलू. खरं तर आपण दोघी भांडलो असतो तर बरं झालं असतं, मिटवायला काहीतरी हाताशी राहिलं असतं. आपण नुसत्याच गप्प झालो.

मेच्या पहिल्या आठवड्यात समुद्र शांत असतो म्हणतात. याल?

तुमचीच,
मी


११ मार्च

बाईंना नमस्कार.

पत्र मिळालं. मी बरी आहे. ड्रायव्हिंग स्कूल ठीक चाललं आहे. सध्या बँकेतली एक मुलगी शिकायला येते, ती वळण आलं की डोळे मिटते. त्यामुळे माझे सतत उघडे असतात.

बोटीचं वाचलं. बेत चांगला आहे.

माझ्या सूटकेसची मूठ फेब्रुवारीत तुटली. गुडघ्याला पट्टा मी साधारण तेव्हापासूनच बांधते. डाव्याच. या दोन्ही गोष्टी माझ्या घराबाहेर कोणाला माहीत नाहीत. घरात मी असते आणि माझा मुलगा असतो. मी तुम्हाला सांगितलेलं नाही.

तो दर शनिवारी पोहायला जातो. निदान मला तसं सांगून जातो. येतो तेव्हा टॉवेल कोरडा असतो. मी कधी विचारलं नाही. वाटलं, कोणीतरी नवीन भेटली असेल, इतक्यात सांगायचं नसेल. खोटं कशाला बोलू, मी आनंदात होते. मागच्या शनिवारी त्याच्या शर्टाला इस्त्रीसुद्धा करून दिली.

काय ते स्पष्ट लिहा. बोटीचं मग बघू.

नमस्कार.


१६ मार्च

प्रिय विहीणबाई,

सप्रेम नमस्कार.

तुमचं पत्र वाचून आधी कपाळावर हात मारून घेतला. इतकी काळजी घेऊन लिहिलं, आणि सूटकेसच्या मुठीनं घात केला! स्पष्ट लिहा म्हणता, तर लिहिते.

शनिवारी तो माझ्याकडे येतो.

सह्या झाल्यानंतर काही दिवसांनी तो पहिल्यांदा आला, माझं ड्रिल मशीन त्याच्याकडे राहिलं होतं ते परत द्यायला. दारातूनच म्हणाला, "हे घ्या, मी निघतो." मी म्हटलं, "स्वयंपाकघरातलं फडताळ एका बाजूनं लोंबतंय. मशीन आणलंच आहेस तर दोन भोकं पाडून जा." फडताळ खरंच लोंबत होतं, उगाच सांगितलं नाही. त्यानं ते बसवलं. मी सूप गरम केलं. दोन घोट घेतले आणि चमचा हातात धरून रडायला लागला. मी पाव कापत राहिले. एवढा पाव कापला की मला तो पुढे चार दिवस पुरला.

पुढच्या शनिवारी स्वतःहूनच आला. आता नळ, दिवे, खिडक्या, सगळं दुरुस्त झालंय. दुरुस्त करण्यासारखं काही उरलेलं नाही, तरी येतो. जेवतो, भांडी घासतो, जरा वेळ कोचावर पाय दुमडून झोपतो. आणि सगळ्यात जास्त कोणाबद्दल बोलतो माहीत आहे? तुमच्याबद्दल. तुमचा गुडघा, तुमची सूटकेस, ती डोळे मिटणारी बँकवाली. तिच्या वळणांची तो इतकी हुबेहूब नक्कल करतो, की हसून माझा ठसका थांबत नाही.

मी त्याला सांगितलं, "हे तुझ्या आईला सांग." एकदा नाही, बरेचदा.

म्हणाला, "सांगेन. पण तिच्यासमोर मला ठीकठाक असावं लागतं. मी जरा डगमगलो की तिचा पाय ब्रेकवर जातो. मग ती गाडी हातात घेते. डॉक्टर शोधते, मुली शोधते, नोकरी बदल म्हणते. तुमच्याकडे नुसतं बसता येतं."

हे लिहू की नको, फार विचार केला. तुम्हाला लागेल. मला लागलं असतं. पण तुम्ही स्पष्ट लिहायला सांगितलंत, आणि पुढचंही त्याचंच वाक्य आहे, ते गाळलं तर अन्याय होईल. तो म्हणाला, "ती असं करते म्हणूनच मी लहानपणापासून कशाला घाबरलो नाही."

माझी लेक एकदा अचानक आली. तो स्टुलावर उभा राहून बल्ब बदलत होता. मला वाटलं, आता काय होतंय! ती क्षणभर दारात थांबली, मग पिशवी ठेवून म्हणाली, "स्टूल हलतंय तुझं. थांब, धरते." बल्ब लागेपर्यंत धरून उभी राहिली. नंतर तिघांनी चहा घेतला. कोणी उठून गेलं नाही. जाताना ती मला जिन्यात म्हणाली, "आई, येऊ दे त्याला. मला त्याचा राग नाही. आमचं जमलं नाही, एवढंच." तिचे डोळे भरले होते, तेव्हा तिचं सगळं सुखात चाललंय असंही समजू नका.

मी त्याला तुमच्याकडून ओढून घेतला नाही हो. तो आला आणि मला दार लावता आलं नाही. आणि खरं सांगायचं तर शनिवारी मलाही बरं वाटतं. हे गेल्यापासून या घरात कोणी दुपारचं घोरत नव्हतं.

तुम्ही बोटीवर आला नाहीत तरी मी समजेन. पण एक सांगते. मी तुम्हाला लिहिलं ते मुलांची सहल वाया जाऊ नये म्हणून नव्हे. मुलांचं लग्न व्हायच्या आधी मला मैत्रीण अशी नव्हती. लग्न झालं आणि तुम्ही मिळालात. ते मोडलं, तर तुम्हीही गेलात. एवढं मला कोणी आधी सांगितलं नव्हतं.

उत्तराची वाट बघते. कप्तानबाईंना म्हटलंय, थोडं थांबा.

तुमचीच,
मी


२ एप्रिल

विहीणबाई,

नमस्कार. उत्तराला उशीर झाला. आधी राग आला होता. तो उतरायला वेळ लागला.

राग तुमचा होता, मग त्याचा, मग बराच वेळ माझा. त्या दिवसांत मी दोन शिकाऊंना इतकं ओरडले, की एकानं शिकवणीच बदलली. मुलाशी धड बोलत नव्हते. तो विचारायचा, "आई, काय झालं?" मी म्हणायचे, "काही नाही." बघा, आम्ही दोघं एकसारखेच.

शेवटी एका रविवारी त्याला म्हटलं, "चल, चक्कर मारू. तू चालव." स्कूलची गाडी काढली. तिच्यात माझ्या पायाशी वेगळा ब्रेक असतो, ते तुम्हाला माहीत आहे. तो चालवायला बसला, आणि मी मागच्या सीटवर बसले.

तो म्हणाला, "पुढे बस ना."

म्हटलं, "नको. पुढे बसले की माझा पाय हलतो."

तो मागे वळून बघतच राहिला. मी म्हटलं, "पुढे बघून चालव. आणि सूप कसं असतं विहीणबाईंचं?"

गाडी शहराबाहेर गेली तरी तो बोलत होता. सगळं सांगितलं. मधे गाडी कडेला घेऊन रडला. मला आरशात दिसत होतं. मी सल्ला दिला नाही, नाव सुचवलं नाही, डॉक्टर शोधला नाही. पुढच्या सीटची पाठ घट्ट धरून बसले. चाळीस वर्षं लोकांना गाडी शिकवतेय, पण इतकं अवघड मला काही गेलं नव्हतं. घरी आल्यावर तो म्हणाला, "पुढच्या रविवारीही जाऊ या." तेव्हा शनिवार तुमचा राहू द्या. रविवार माझा झाला आहे.

आता बोटीचं. मी येते.

कप्तानबाईंना मीच फोन केला. विचारलं, लाइफ जॅकेटं सगळ्यांना पुरतील ना, रेडिओ चालतो ना, हवामान रोज किती वाजता कळतं. त्यांनी सगळी उत्तरं नीट दिली. शेवटी विचारलं, ब्रेक कुठे असतो? त्या इतक्या हसल्या की मला फोन कानापासून लांब धरावा लागला. म्हणाल्या, "बाई, बोटीला ब्रेक नसतो. शीड सैल सोडायचं, ती आपोआप हळू होते." मी विचारलं, मला सुकाणू धरता येईल का? "पहिल्याच दिवशी," म्हणाल्या. बाई चांगली आहे. तुम्ही लोळा. मी चालवीन.

मऊ बॅग घेतली. पुढची खोली नको, मागची मलाच द्या. वाकून चालेन, पण रुंद जागा हवी. बकऱ्यांच्या बेटासाठी जुने टॉवेल घेते, नवे मिळणार नाहीत त्यांना. कोरा दिवस आहे तो कोराच ठेवा, मी त्यात काही घालणार नाही. प्रयत्न करीन. उरलेल्या दोन जागांवर कोणाला आणू नका. बंदरावर सोडायला मुलगा येतोय. तुमची लेकही येणार असेल तर तिला सांगा, माझ्यापासून लपून उभी राहू नकोस. तिनं इतके महिने मला फोन केला नाही, मी ओरडेन या भीतीनं असेल. आता केला तर मी "बोला" म्हणणार नाही. "बोल गं" म्हणेन.

एक मागणं आहे. बोटीवर आपल्याला भरपूर वेळ मिळेल. तो तुमच्याकडे काय काय बोलतो ते मला सांगू नका, ते त्याचं आहे. फक्त माझी नक्कल कशी करतो तेवढी करून दाखवा. तो माझी नक्कल करत नसेल, असं होणंच शक्य नाही. मला ऐकायची आहे.

जपून राहा. लवकरच भेटू.

होती तीच,
तुमची विहीण