कॉलनीतली हळद उगवेना

वसमत, २७ जुलै

आदरणीय रखमाजी दाजी,

शिवहारचा वाकून नमस्कार. तुमचा गुडघा आता जिना चढू देतो का? पंचफुलाअक्काचा खोकला कसा आहे? इकडे माणसं ठीक आहेत. (बाकीचं पुढे येतंच आहे.) फोनच केला असता, पण तुमचा फोन अक्का उचलते, आणि ही गोष्ट तिच्या कानावर गेली तर यंदाची भाऊबीज मला घरी बसून करावी लागेल. म्हणून ही चिठ्ठी कुरुंद्याच्या गाडीच्या कंडक्टरकडे देतो आहे. (तीस वर्षं डेपोत कंट्रोलर होतो, एवढं काम अजून कुणी नाकारत नाही.)

तर दाजी, आमच्या कॉलनीच्या मधोमध एक मोकळी जागा आहे. सेक्रेटरी विकासरावांना तिथे पेव्हर ब्लॉक बसवून गाड्या लावायच्या होत्या. बाकीच्यांना सगळ्यांनी मिळून करायची बाग हवी होती. भर सभेत मी उठलो आणि बोलून बसलो, की माझे दाजी कुरुंद्याचे, हळद आमच्या घरातली, पंधरा ऑगस्टच्या आत वाफे हिरवेगार करून दाखवतो. विकासरावांनी ते लगेच लिहून घेतलं. हिरवं दिसलं तर बाग, नाही तर ब्लॉक. मला काय, मी ओट्यावर बसेन. पण तिसऱ्या मजल्यावर खतीजाबी आहेत. आखाडा बाळापूरचं घर सोडून लेकाकडे राहायला आल्या, तेव्हापासून चार भिंतींत कोंडल्या होत्या. आता रोज सकाळी खुर्ची घेऊन वाफ्याशी बसतात. ती जागा गेली तर म्हातारी पुन्हा वर जाऊन बसेल, आणि ते मला बघवणार नाही, हे सरळच सांगतो.

आधी माहिती गोळा केली. तीच भोवली असावी. शहरातल्या बागांची एक पुस्तिका मिळाली, तिच्यात लिहिलं होतं की माती नकोच, नारळाचा भुसा घ्या. (आमच्याकडे नारळ मारुतीपुढे फुटतो, तेवढाच.) मोबाईलवर एक बाई म्हणाल्या पाणी सकाळी द्या, एक बुवा म्हणाले चुकूनही सकाळी देऊ नका. आणखी कुणी पुण्यात गच्चीवर भोपळे काढले होते, ते म्हणत होते रोपांशी रोज गोड बोला. कुणाचं ऐकावं कळेना, म्हणून सगळ्यांचं ऐकलं. सकाळी पाणी, संध्याकाळी पाणी, दुपारी मी गोड बोलतो. (मोहिनी म्हणते, लग्नापासून हे माझ्या वाट्याला आलं नाही.)

तुम्ही मे महिन्यात दिलेल्या पोत्यात मात्र आम्ही काडीची कसूर केली नाही. ओली हळद दारात आली की तिचं काय करायचं, हे आमच्या कॉलनीत कुणाला सांगावं लागत नाही. सगळे हळदीच्या धंद्यातलेच. संतरामची हयात हळद शिजवायच्या बॉयलरवर गेली. त्याने त्याच दिवशी ती मोठ्या पातेल्यात काडी आरपार जाईपर्यंत शिजवली. मग पंधरा दिवस गच्चीवर कडक वाळवली. साजीदभाई पॉलिशच्या कारखान्यात आहेत. त्यांनी ड्रममध्ये फिरवून अशी चकचकीत करून आणली की हातातून खाली ठेवू नये. खतीजाबींचे मियाँ हळदीचे व्यापारी होते. खतीजाबींनी दोन हळकुंडं एकमेकांवर वाजवून पाहिली आणि म्हणाल्या, "शिवहारभाऊ, माल बराबर एक नंबर." मग चांगला दिवस बघून एकेक हळकुंड वीतभर अंतरावर लावलं. आज चाळीस दिवस झाले. न लावलेलं गवत आलं, कुणीतरी थुंकलेल्या बियांचा टरबुजाचा वेल आला, लावलेली हळद तेवढी येईना.

माझं डोकं चालेनासं झालं आहे. संतराम म्हणतो अजून दोन उकळ्या हव्या होत्या. साजीदभाई म्हणतात पॉलिश जादा झालं. खतीजाबी वाफ्यावर वाकून रोज विचारतात, "आली का वो?" आणि मी उगाच मनगटावरच्या घड्याळाकडे बघतो. दाजी, तुमच्या रानात ती येते तरी कशी? नेमकं काय करता?

अक्काला कळू देऊ नका. घरातल्या लेकरांना आशीर्वाद.

तुमचा,
शिवहार

ता. क. – पाकीट चिकटवायला मोहिनीकडे दिलं, तर तिने आधी वाचून काढलं आणि पदर तोंडाला लावून खालीच बसली. "आवो, शिजवलेलं कधी उगवून येतं व्हय?" शेतकऱ्याची लेक. तिला हे पहिल्या दिवसापासून माहीत होतं. मग बोलली काहून नाहीस, म्हणालो, तर म्हणते, "तुमी पुस्तक वाचून करून राहिले होते. मला वाटलं, त्यात तसंच लिहिलं असंल." (संतरामला अजून सांगितलेलं नाही. त्याची तब्येत नाजूक आहे.)

दुसरा ता. क. – आता खरं काम. तुमच्या रानातली उगवलेली चाळीस रोपं मातीच्या गड्ड्यासकट गाडीत टाकून पाठवा. पहाटे लावून टाकतो. विकासरावांना काय कळतंय?

तिसरा ता. क. – वरचं रद्द. हा बेत खुशीत खतीजाबींना सांगायला गेलो, तर त्या म्हणाल्या, "हळदीत उमर गेली, भाऊ. ढीग पाहिले, पोती पाहिली. जमिनीतून निघताना एकदा बी न्हाई पाहिली. उगवलेली आणून लावली, तर मी काय पाहू?" तेव्हा दाजी, रोपं नकोत. लावून उरलेलं ओंजळभर कच्चं बेणं असेल तर तेच पाठवा. कोंब यायला महिना लागतो म्हणे, आणि पंधरा ऑगस्टला उरलेत एकोणीस दिवस, म्हणजे ब्लॉक बसणार असंच धरून चाला. खतीजाबींनी त्यांची बादली घासून, मातीने भरून तिसऱ्या मजल्याच्या दारात ठेवली आहे, आणि कुरुंद्याची गाडी किती वाजता येते हे मला दोनदा विचारून झालं आहे.