आईची कंबर अन् माहा पाय

सुरत, १४ डिसेंबर २००६

कितीदा सांगू आईले, बाजारातल्या त्या हाडं कडकड वाजवणाऱ्याकडं जाऊ नको म्हणून. कापूस वेचून वेचून कंबर धरली, आता डावा पायही बधिर होऊन राह्यला. आज फोनवर म्हणते, "तू पायाळू हायेस. इथं असता तर तुही एक लाथ पुरली असती." पायाकडून जन्मलो म्हणून लहानपणी अर्ध्या गावाच्या कमरेले पाय लावत फिरलो मी. म्हटलं, "पाय बधिर हाय, तर माहीबी लाथ नको. आधी डॉक्टरले दाखव, एक्सरे काढ. तो हो म्हणंल तरच कोणाले हात लावू दे."

"मोठा डॉक्टर झाला," म्हणून हसली. मग हळूच म्हणाली, "लाथ नको मारू, पण ये तरी."

सुट्टी नाही. एक्सरेचे अन् गाडीभाड्याचे मिळून आठशे उद्या धाडतो.