जाळी काढलेला पंखा

रविवार, ९ नोव्हेंबर २०२५

क्षमा असावी. ज्यांच्या आयुष्यात काही घडते त्यांनीच रोजनिशी लिहावी, असे माझे प्रामाणिक मत आहे. तरी हे पान मी खराब करते आहे. कारण क्षुल्लक — मी एक पेटी बनवली!

प्लास्टरचे पक्षी घडवायचे आणि त्यांवर फवाऱ्याने रंग मारायचा, हा माझा छंद. पण रंगाचे धुके घरभर पसरते. आईला खोकला येतो, पोह्यांनाही वास. म्हणून ही पेटी. प्लॅस्टिकचा मोठा खोका आडवा ठेवला. पाठीला भोक पाडून भंगारातून आणलेला स्वयंपाकघराचा एक्झॉस्ट पंखा बसवला. पंख्यापुढे कूलरच्या गवताची जाळी, मागे चिमणीचा लवचीक पाइप. पाइपचे तोंड न्हाणीघराच्या खिडकीतून इमारतीच्या डक्टमध्ये, म्हणजे मधल्या उघड्या पोकळीत, सोडले.

उदबत्ती पेटवून पेटीच्या तोंडाशी धरली. धूर सरळ आत ओढला गेला! मी एकटीनेच टाळ्या वाजवल्या, आणि लगेच ओशाळले.

बुधवार, १२ नोव्हेंबर

खालच्या, दुसऱ्या मजल्यावरचे वाल्मिकदादा बाबांचे पार्सल द्यायला आले होते. मूळचे शिरपूरकडचे, राखोलीच्या एका कारखान्यात रंगखात्यात आहेत. पेटी पाहून दारातच थबकले.

"ताई, हे तं आमच्या रंगाच्या बूथचं पिल्लू शे!"

मग वाकून पंखा पाहिला. "चांगलं केलं. फक्त जाळी काढू नका बरं. पंखा हवा खेचतो, रंगाले जाळीच धरते. आन् थिनरवाला रंग नको. मोटार ठिणगी टाकते."

मी मान हलवली. मनात काय आले तेही लिहिले पाहिजे — हे सगळे मी वाचलेले आहे. दहावीला पहिली आलेल्या मुलीला हे शिकवणार! असे आले खरे.

रविवार, १६ नोव्हेंबर

जाळीमुळे ओढ मंदावते. वहीत आकडेमोड केली. जाळी काढल्यास हवेचा वेग जवळजवळ दुप्पट होतो. काढली.

प्लास्टरच्या तिन्ही खंड्यांच्या पाठी अशा निळ्या उतरल्या आहेत की दमणगंगेवरचा खराखुरा खंड्याही वळून पाहील. दुपारभर रंगवत होते. पेटीत धुक्याचा मागमूस नाही!

सोमवार, १७ नोव्हेंबर

धुके कुठे गेले ते सकाळी कळले.

पहिल्या मजल्यावरच्या केसरबाईंनी काल दुपारी डक्टमधल्या दोरीवर दोन ओल्या साड्या वाळत घातल्या होत्या. त्या पांढरीच नेसतात. दोन्हींवर निळे ठिपके — मोजता येणार नाहीत इतके.

सगळे जिन्यात जमले. केसरबाई कडाडल्या, "ए वाल्मिक! कारखान्यात हौस फिटत नाही म्हणून माझ्या साडीवर होळी खेळलास काय रे?"

"मावशी, आमच्याकडे सध्या पिवळा चालू शे. हा तं निळा—"

"गप! तुझ्याशिवाय रंगाचा धंदा इथे कोणाचा?"

बाबा सोसायटीचे सेक्रेटरी आहेत. ते म्हणाले, "कारखान्याची घाण घरी आणायची नाही, वाल्मिक. तुझ्या घरमालकाशी मला बोलावं लागेल."

वाल्मिकदादांनी एकदा मान वर करून जिन्याच्या झरोक्यातून आमच्या न्हाणीघराच्या खिडकीकडे पाहिले. मग माझ्याकडे.

आपण अनवाणी आलो आहोत, असे मला त्याच क्षणी आठवले. चप्पल घालायला म्हणून घरात गेले. परत बाहेर आले नाही.

मंगळवार, १८ नोव्हेंबर

माझ्या आकडेमोडीत खालची दोरी नव्हती.

शुक्रवार, २१ नोव्हेंबर

बाबांनी सोसायटीच्या वतीने सही करून वाल्मिकदादांच्या घरमालकाला पत्र दिले. घरमालकाचा सुरतेहून फोन आला — महिनाअखेर खोली रिकामी करा. वाल्मिकदादांनी शेजारच्या दोन इमारतींत चौकशी केली. दोन्हीकडे नकार. केसरबाईंच्या साड्यांची बातमी त्यांच्या आधी पोचली आहे.

जेवताना बाबा म्हणाले, "असल्या लोकांना नियम कळतच नाहीत." मी ताटाकडे बघत जेवण संपवले.

आज आईने न्हाणीघराच्या खिडकीचे गज घासले. घासणी निळी झाली होती. मी पाहते आहे हे तिला दिसले.

"बाबांनी सही केली आहे आता," ती नळाकडे बघत म्हणाली. "लोकांत त्यांचं काय राहील? जाऊ दे."

आणि मी जाऊ दिले. मला हेच ऐकायचे होते! आईने परवानगी दिली म्हणून किती हलके वाटले — तेही लिहिले पाहिजे.

मंगळवार, २५ नोव्हेंबर

जिन्यात वाल्मिकदादा भेटले. हातात पहिल्या पाळीचा डबा. पळता आले असते. पळाले नाही, एवढेच.

"दादा, तुम्ही माझं नाव का नाही घेतलं?"

"कोणी मानलं असतं, ताई? लोक म्हणाले असते, हुशार पोरीवर ढकलतो."

दोन पायऱ्या उतरले. मग मागे न वळता म्हणाले, "आन् मला वाटलं, तुम्हीच सांगाल."

गुरुवार, २७ नोव्हेंबर

सोसायटीच्या नावे पत्र लिहायला बसले. सात मसुदे झाले. "अनवधानाने घडलेल्या", "तांत्रिक त्रुटीमुळे", "मनःपूर्वक खेद वाटतो". वाक्यरचना निर्दोष — आणि प्रत्येक पत्राच्या शेवटी मीही निर्दोष! एका मसुद्यात तर वाचणाऱ्याला माझीच दया यावी. निबंध म्हणून गुण उत्तम पडतील.

शी.

शुक्रवार, २८ नोव्हेंबर

वाल्मिकदादांचे लोखंडी कपाट जिन्यात येऊन उभे आहे. त्यांच्या पत्नी सरितावहिनी भांडी वर्तमानपत्रात गुंडाळत होत्या. मला पाहून बाजूला सरकल्या, वाट दिली. त्यांना ठाऊक आहे. उद्या नऊ वाजता टेम्पो येणार. कुठे जाणार, विचारायचे धाडस झाले नाही.

शनिवार, २९ नोव्हेंबर

पत्र मला लिहिता येणार नाही. म्हणून ९ तारखेपासूनच्या या पानांचे एकेक करून फोटो काढले. आईचे पान वगळावे असे फार वाटले. पण मग तो आठवा मसुदा झाला असता. एकही शब्द खोडलेला नाही.

सोसायटीच्या ग्रुपवर, चोवीसही घरांना पाठवले — शनिवार, २९ नोव्हेंबर २०२५, सकाळी सात वाजून दहा मिनिटे.