चार वाजताचं पाणी

व्हिस्टा सेरेना, फिनिक्सजवळ, ॲरिझोना
दि. ८ जून २०२५

चि. सौ. शैला हिस,
दाजीचे अनेक आशीर्वाद.

पत्राला फार उशीर झाला, त्याबद्दल राग मानू नकोस. राग तुला आधीपासूनच आहे आणि तो बरोबर आहे. तू फोन उचलत नाहीस म्हणून दोन महिने रोज ठरवत होतो की आज लिहू. कागद घेऊन बसलो की ‘चि. सौ. शैला’ एवढं व्हायचं आणि हात थांबायचा. सुशांतचा मित्र ऋषी परवा पुण्याला निघालाय, तो तिथून तुला मिरजेला कुरिअर करेल. म्हणून आज लिहून टाकतो.

इकडे सगळे बरे आहेत. सुशांत घरूनच काम करतो. सूनबाई रेणू आठवड्यातून तीन दिवस फिनिक्सला जाते. ती इथल्या राज्याची राजधानी. गाडीनं तास लागतो, सगळा रस्ता वाळवंटातून. नात सिया दुसरीत गेली. तिला मराठी कळतं, बोलते इंग्रजी. माझं बीपी मधूनमधून वाढतं. गोळी घेतली की नाही ते आठवत नाही, मग दुसरी घ्यायची भीती वाटते. विक्रमरावांचा गुडघा कसा आहे?

हे गाव म्हणजे तुला कसं सांगू. कंपनीनं आधी नकाशा काढला आणि मग वाळवंटात तो तसाच मांडला. ऐंशी हजार घरं व्हायची होती, झाली तीनशे. त्यात माणसं राहतात साठेक घरांत. पुढं रस्ते आहेत, रस्त्यांना नावं आहेत, दिवे आहेत, पण घरं नाहीत. तळं खणलंय, काठावर बाकडी ठेवलीत, तळ्यात वाळू. शंभर वर्षं पुरेल एवढं पाणी आहे असं सरकारला कागदावर दाखवल्याशिवाय पुढचं बांधू देत नाहीत म्हणे. मी सुशांतला म्हणालो, “अरे, मी चौतीस वर्षं नगरपालिकेत व्हॉल्व्हमन होतो. उद्याचं पाणी येईल की नाही ते सांगता यायचं नाही.” तो हसला. “अप्पा, तुम्हाला घ्यायला हवं होतं यांनी.”

सगळी घरं एकाच रंगाची. पहिल्या आठवड्यात मी दोनदा दुसऱ्याच्याच दाराशी जाऊन उभा राहिलो. दुपारी बाहेर चिटपाखरू नसतं. एकशे बारा डिग्री, इथलं माप वेगळं, पण ऊन तेच.

आमच्या समोरचं घर नमुन्याचं आहे, गिऱ्हाइकांना दाखवण्यासाठी सजवलेलं. टेबलावर प्लास्टिकची फळं, भिंतीवर कोणा अनोळखी कुटुंबाचे फोटो. दोन वर्षांत तिथं कोणी राहिलेलं नाही.

त्या घरात दुपारी चार वाजता पाणी भरतात.

शैला, मला म्हातारचळ लागलाय असं समजू नकोस. आधी मलाही पाइपातली हवा वाटली. मग सुशांतच्या पेटीतला लांब पेचकस घेऊन गेलो. मीटरच्या लोखंडी झाकणावर टोक टेकवलं आणि मुठीला कान लावला. गळती शोधायला आम्ही असंच करायचो, गज लावून. नळ सुटला. भांडं भरत आलं की आवाज बारीक होत जातो ना, तसा होत गेला. मग बंद. मग माणूस भांडं उचलून आत ठेवून परत येईल एवढा वेळ काही नाही. मग पुन्हा. आधी मोठं भांडं, मग दोन लहान, मग पुन्हा मोठं.

सुशांतला सांगितलं. तो म्हणाला, “अप्पा, ते ऑटो फ्लशिंग असतं. रिकाम्या घरांत पाणी शिळं होऊ नये म्हणून सोडतात.”

“मधे थांबतात कशाला?”

“टायमर असेल. तुम्ही उन्हात जाऊ नका बरं, प्लीज.”

सिया दारातून म्हणाली, “आजोबा, नोबडी लिव्हज देअर.”

परवा मी चारला त्यांच्या पायरीशीच जाऊन थांबलो. नळ बंद झाला तेव्हा पायरीवर घागरीच्या बुडाएवढं ओलं वर्तुळ होतं. मी बघता बघता ते वाळलं. आमच्या गल्लीला पाणी चारलाच यायचं, तुला आठवत असेल. तुझी ताई म्हणायची, सगळ्या गावाला आधी आणि बायकोला शेवटी. घागर, दोन कळशा, मग परत घागर.

आता जे लिहायचं ते लिहितो.

फ्लाइट कॅन्सल झाली नव्हती.

ताईचं जास्त झाल्याचा तुझा फोन आला, तसं एकतीस मार्चला सुशांतनं मला विमानतळावर सोडलं. त्याच्या व्हिसाचं काम अडकलेलं, तो देशाबाहेर पडला तर परत येऊ देतील की नाही याची खात्री नव्हती, म्हणून मी एकटा. मधे जर्मनीत विमान बदलायचं होतं. त्यानं मला कागदावर मराठीत सगळं लिहून दिलं होतं, बाण काढून दिले होते. तपासणीच्या रांगेत एक बाई मला इंग्रजीत काहीतरी विचारायला लागल्या. दोनदा विचारलं, तिसऱ्यांदा मोठ्यानं विचारलं. मी मागं वळलो. सुशांतला फोन केला, छातीत दुखतंय म्हणून. दुखत नव्हतं. तो अर्ध्या वाटेतून मला न्यायला आला. तुला कॅन्सलचं मीच सांगितलं, त्यानं ऐकून घेतलं. दुसऱ्या दिवशीचं तिकीट तो काढत होता, तर मी म्हणालो, थोडं बरं वाटू दे.

दोन तारखेला मालिनी गेली. तू फोनवर म्हणालीस, “दाजी, ताई दोन दिवस एकच विचारत होती, विमान कुठवर आलं?” त्यानंतर तू बोलली नाहीस. माझ्या बायकोला अग्नी तुझ्या देवांगनं दिला. त्या पोराचे उपकार मी कसे फेडू.

पण पत्र क्षमा मागायला लिहिलेलं नाही. क्षमा तू करू नयेस.

दहाव्या दिवशी इथंही पिंड ठेवावा असं माझ्या मनानं घेतलं. सुशांत म्हणाला, “अप्पा, तिकडे करतायत ना घाटावर? एकदाच असतं ते.” तो मीटिंगमध्ये होता तेव्हा मी भात शिजवला आणि मागच्या भिंतीवर पिंड ठेवला. इथं कावळा नाही. एक काळा पक्षी असतो, शेपूट लांब, डोळे पिवळे. तो येऊन बसला. बघत राहिला, शिवेना. मी म्हणालो, “सियाला मराठी लिहायला शिकवीन.” हलला नाही. “देवांगला काही कमी पडू देणार नाही.” तरी नाही. ऊन चढत चाललेलं, भात वाळत चाललेला. माझा धीर सुटला. मी म्हणालो, “मालिनी, मला येता आलं नाही. तू इकडे ये. मी इथंच आहे, थांबतो.”

लगेच चोच लागली.

त्यानंतर तिसऱ्या दिवसापासून समोर पाणी सुरू झालं.

माझं परतीचं तिकीट अठ्ठावीस जूनचं आहे. या वेळी सुशांतनं व्हीलचेअर सांगितली आहे, माणूस हात धरून विमान बदलून देतो. न जायला मला कारण उरलेलं नाही. आणि अर्ज केला तर सहा महिने वाढवूनही मिळतात, तो अर्ज वीस तारखेच्या आत करायला हवा. सुशांत रोज विचारतो, “अप्पा, ठरवलंत का?” मी म्हणतो, सांगतो. रेणू त्याला म्हणाली, “राहू देत रे, त्यांना करमतंय वाटतं इथं. रोज चारला कसे तयार होऊन बसतात.”

तर शैला, मला एवढंच सांग. कृष्णाघाटावर दहाव्याला कावळा शिवला का? आपणहून शिवला, की वाट बघून भटजींनी दर्भाचा कावळा करून लावला? मला बरं वाटावं म्हणून खोटं सांगू नकोस. खोटं मी पुष्कळ बोललोय, तेवढं पुरे. खरा कावळा शिवला असेल तर ताई तिथूनच मोकळी झाली. मग समोर जे वाजतं तो टायमर, आणि मी विमानात बसतो. तुझ्या दारात येऊन उभा राहीन, काय बोलायचं ते बोल.

पण शिवला नसेल, तर ती मी बोलावलं म्हणून इतक्या लांब आलीय. इथं तिच्या ओळखीचं माणूस नाही, भाषा नाही, घरसुद्धा दुसऱ्याचं. त्या घरात तिला पाणी भरत ठेवून मी दुसऱ्यांदा कसा जाऊ?

माझ्याशी बोलायचं नसेल तर बोलू नकोस. देवांगला सांग, सुशांतच्या फोनवर ‘शिवला’ किंवा ‘नाही’ एवढं लिहून पाठवायला. पण वीस तारखेच्या आत कळव. पावणेचार झालेत, थांबतो.

तुझ्या ताईला मीच बोलावलं,
तुझा दाजी
मोरेश्वर