क्रेनचे डोंगर

३ मार्च
रोजनिशी सुरू. डोकं जागेवर राहावं म्हणून. ‘डोंगर-पाणी : आज’ हे प्रदर्शन म्हणजे माझ्यासाठीच काढलंय. निवड करायला क्युरेटर छू बाई २८ तारखेला घरी येणार. हांगचौत डोंगर-पाण्याची चित्रं काढणारे ढीगभर, पण सगळे जुनंच गिरवतात. यून्लानला शब्द दिलाय, निवड झाली नाही तर तिच्या भावाच्या टाइल्सच्या शोरूममध्ये डिझायनर म्हणून जाईन. तो बाथरूमच्या टाइल्सवर डोंगर छापतो. डोंगराखाली नळ. बायकोचं समाधान, दुसरं काय. वेळ येणारच नाही.

५ मार्च
कॉन्सेप्ट पक्का. डोंगरांच्या जागी टॉवर, पाइनच्या जागी क्रेन, धुक्याच्या जागी धूर. इतक्या शतकांत कुणाला सुचलं नाही. यून्लान म्हणाली, गेल्या वर्षी तिघांनी हेच केलं होतं. तिला बारकावे कळत नाहीत. त्यांच्या क्रेन डावीकडे होत्या.

९ मार्च
आज सुरुवात करणार होतो. पण शनिवार. यून्लानचा पोरांचा चित्रकलेचा क्लास, माझ्याच टेबलावर. शाई कागदातून आरपार जाते, म्हणून खाली लोकरीचा नमदा लागतो हे मान्य. पण तिचा हा नमदा? कॉलेजपासूनचा. तिची शाई, पोरांची शाई, वर चहा. बघवत नाही. फेकतो म्हटलं तर अंगावर आली. नवा आणला, पांढराशुभ्र. मोठं काम स्वच्छतेतच होतं.

१४ मार्च
क्रेन सरळ येत नाही. दार लावून पट्टीने ओढली. आधुनिक माणसाने पट्टीला घाबरू नये. यून्लानने ओळखलंच. म्हणाली, पट्टी तर हजार वर्षांपूर्वीही लावायचे. जेवलो नाही तिच्याशी.

२० मार्च
मेहुणा आला, खारवलेलं बदक घेऊन. चित्र बघून विचारतो, दाजी, कुठल्या बिल्डरची जाहिरात? वर सांगतो, शोरूममध्ये खिडकीजवळचं टेबल तुमच्यासाठी ठेवलंय. बदकाला हात लावला नाही. थोडंच खाल्लं.

२७ मार्च
चित्र पूर्ण. उजवीकडे वर जागा रिकामी सोडलीये. जुन्या चित्रांवर जाणकार लोक रिकाम्या जागेत चार ओळी लिहून शिक्का मारत. छू बाईंना मोह होईलच. ब्रश, शिक्क्याची लाल शाई, सगळं मांडून ठेवलं. खिडकीतून चित्रावर ऊन येतं, पडदा नाही. यून्लानचा नमदा खिळे ठोकून टांगला. निदान कामाला आला.

२८ मार्च, सकाळ
पहाटेपासून तीनदा जिना झाडला. काळजी कसली, उत्साह आहे.

२८ मार्च, दुपार
बाई आल्या. चित्रासमोर बराच वेळ उभ्या राहिल्या. मी ब्रश पुढे केला. म्हणाल्या, रिकामी जागा छान सोडलीत. आणि वळल्या.

खिडकीत नमदा. मागून ऊन. बाई जवळ गेल्या, मागे आल्या, परत जवळ गेल्या. शाईच्या डागांत डोंगरामागे डोंगर, मध्ये धुकं, चहा सांडला होता तिथून ओढा. मलाही दिसलं. इतकी वर्षं दिसलं नव्हतं.

“हे कोणाचं?” बाईंनी विचारलं.

‘माझं’ अगदी जिभेवर आलं. टांगला कोणी? मीच ना? यून्लान चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होती. नुसती बघत राहिली माझ्याकडे.

“हिचं,” मी म्हणालो.

३० मार्च
नमदा प्रदर्शनात गेला. खाली यून्लानचं नाव. ती स्वयंपाकघरात रडत होती, हसतही होती. खिळ्यांची भोकं तशीच राहू द्या, असं बाईंनी खास सांगितलंय. म्हणजे माझ्या कामाची दखल घेतली गेली. कॅटलॉगमध्ये खिळ्यांसाठी माझं नाव येईल का विचारलं. यून्लान म्हणाली, बघू.

१ एप्रिल
शोरूम. टेबल खिडकीजवळ आहे खरं. मेहुण्याला क्रेनची टाइल दाखवली. क्रेन खोडून टाका म्हणाला, टॉवरही. वरची रिकामी जागा तेवढी ठेवायला सांगितली. तिथे आरसा बसतो.