वाहून गेलेले कांदे

शनिवार, संध्याकाळ. ताईच्या घरी, समुद्राजवळ.

नाशिकहून ताईसाठी कांद्याची गोणी घेतली होती. बहिणीकडे रिकाम्या हाताने कसं जायचं? पण गोणी पोचलीच नाही. लिहून टाकतो, म्हणजे डोक्यातून जाईल.

चिरंजीवांनी हौसेने जीप थेट पुळणीवर घातली. तिथे एका जोडप्याची गाडी वाळूत रुतलेली, आणि भरती चाकांपर्यंत आलेली. बाई रडकुंडीला आल्या होत्या.

"बाबा, गोणी रिकामी करा! चाकाखाली घालू," चिरंजीव ओरडले.

कांदे वाळूत ओतले. राखण माझ्याकडे. गोणपाट चाकाखाली सारलं, टायरची हवा कमी केली, सगळ्यांनी ढकललं आणि गाडी सुटली!

सगळ्यांनी म्हणजे, मी सोडून. समुद्र बघून मला शाळेतली कविता आठवली. पहिली ओळ आली, दुसरी काही येईना. ती शोधता शोधता...

"अहो, कांदे!" ही किंचाळली.

कांदे लाटांवर डुलत निघाले होते. किती सुंदर दिसत होते, हे सांगायचं कुणाला? एकच हाती लागला.

घरी पोचताच ताईने विचारलं, "काय रे, काय आणलंस नाशिकहून?"

"कविता," ही म्हणाली.

"म्हण मग."

मी पहिल्या ओळीवरच अडलो. दुसरी थोड्या वेळाने स्वयंपाकघरातून आली. ताई तो एकुलता कांदा चिरत होती.