आगळाचं नरसाळं

रविवार, १८ मे, रत्नागिरी

आईला मानलं आज. खरंच.

बाबांनी पहिल्यांदा गाडीची चावी माझ्या हातात दिली, आईला गणपतीपुळ्याला मावशीकडे न्यायला. आणि मी आरे-वारेच्या चढावर पेट्रोल संपवलं. काटा बघितलाच नव्हता! खालच्या वाडीतले दामूकाका त्यांच्या होडीचं पेट्रोल कॅनमधून घेऊन आले. पण या टाकीला झाकण नाही, आत स्प्रिंगची झडप आहे. बरोबर जाडीची नळी गेली तरच उघडते. काय भारी डोकं लावलंय! कॅनची नळी मात्र बारीक.

"काय रे, तोंडच उघडत नाय हिचं," म्हणत काकांनी स्क्रूड्रायव्हर काढला.

"नको काका!" झडप मोडली असती तर चावी परत कधीच मिळाली नसती. यासाठी गाडीसोबत एक नरसाळं येतं. स्टेपनीखाली शोधलं. नव्हतं.

"ते काळं, लांब चोचीचं?" आई म्हणाली. "ते मी घेतलं. एक थेंब सांडत नाही त्यातून." मावशीकडे कोकमाचं आगळ बाटल्यांत भरायला ती तेच नेत होती. धुतलेलं, वाळवलेलं, फडक्यात गुंडाळलेलं.

नरसाळ्याची चोच आत घातली आणि झडप अलगद उघडली.

"वहिनी, गाडीला आगळ पाजताय काय?" काका हसत सुटले.

मी त्या नरसाळ्याचे फक्त व्हिडिओ बघितलेत. ते किती भारी आहे हे आईला माझ्याआधी कळलं होतं.

"आता पेट्रोलचा वास लागला, तूच ठेव," आई म्हणाली. घरी आल्यावर बाबांना पेट्रोल संपल्याचं सांगितलं नाही तिने.

उद्या बाजारातून तिला तसंच आणायचं. लांब चोचीचं. मिळेल ना?